जबान की जनान

फारसी सनदेच्या फोटोतल्या त्या शब्दावर तीन ठिपके होते आणि खाली एकही नव्हता. मी दोनदा मोजले आणि मग मोठ्यानं वाचलं, "बराए तालीमे जनाने देहात."

वर्गात हसू फुटलं. माझ्या शेजारी निवृत्त जमादार घुगे बसत. जमिनीच्या जुन्या सनदा वाचता याव्यात म्हणून साठाव्या वर्षी ते फारसी शिकायला आले होते. त्यांनी हळूच मला सावरलं. "ताई, जनाने नव्हं, जबाने. दारातल्या दगडावर लिवलंय की."

राव सर मात्र हसले नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुन्हा वाच. एकेक अक्षर सांग."

मी बोट ठेवून सांगू लागले. आधी जे, त्यावर एक ठिपका. मग एक दात, त्यावर एक ठिपका. मग अलिफ. शेवटी नून, त्याचा एक ठिपका.

"दाताच्या खाली?"

"खाली काही नाही, सर."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला अजून वीस मिनिटं होती. आज एवढंच, असं म्हणून ते उठून गेले. त्यांना राग आला की काय, ते मला कळेना.

ही गोष्ट १९८९च्या सप्टेंबरातली. आमच्या विद्यापीठाच्या इस्लामी विद्या विभागात एम.फिल.ला दाखल होऊन मला सहा आठवडे झाले होते. मी रुकय्या मुकादम, दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावची. वडील बोटीवर इंजिनखात्यात होते. आमच्या घरात मराठीच बोलत, त्यामुळे उर्दू मला धड येत नसे आणि फारसी तर मी बी.ए.नंतर पुस्तकावरून शिकलेली. मराठवाड्यातल्या मुलांना याची मोठी गंमत वाटायची. मुसलमान असून उर्दू येत नाही, आणि तिला फारसी शिकवणारे कोण, तर श्रीनिवासराव नळदुर्गकर. धोतर नेसणारे राव सर निजामाच्या काळात शाळा शिकले होते. उर्दूत शिवी दिली तरी ती शेरासारखी वाटावी, अशी त्यांची जबान होती.

मी अक्षरं शिकले ती गावात मुलींना शिकवणाऱ्या एका आपांकडे, कुराण वाचण्यापुरती. एकेका अक्षरावर काडी ठेवून त्या हिज्जे, म्हणजे सुटी अक्षरं, म्हणून घेत. ती सवय मला राहिली होती. बाकीची मुलं ओळ पाहून सरळ वाचत. मी मात्र अडखळत, प्रत्येक ठिपका तपासत जायची.

आता त्या शब्दाबद्दल सांगते. फारसी लिपीत ब आणि न शब्दाच्या मध्यात आले की दोघांचा आकार एकच, एक छोटा दात. ठिपका खाली असला तर ब आणि वर असला तर न. म्हणून एका ठिपक्यानं 'जबान'चं 'जनान' होतं. जबान म्हणजे भाषा आणि जनान म्हणजे बायका. घाईच्या लिखाणात लेखनिक ठिपके गाळायचे, त्यामुळे वाचणाऱ्याला अंदाजानं घ्यावं लागे.

आणि आमचा विभाग त्या एका शब्दावर उभा होता.

विभागाच्या दारात संगमरवराची पाटी होती. तिच्यावर उर्दूत आणि मराठीत कोरलं होतं, 'गावोगावच्या लोकभाषेच्या शिक्षणासाठी – हिजरी १०६१.' मी ती रोज पाहत होते, पण ती ओळ वर्गातल्या त्याच सनदेतली आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी घुगे जमादारांनी मला तिच्यासमोर नेऊन उभं केलं आणि सगळी कथा ऐकवली. विभाग १९६१ साली सुरू झाला, दोन खोल्यांत. संस्थापक डॉ. मीर हशमत अली. त्यांनी आणि तरुण राव सरांनी सायकली, बैलगाड्या, एस.टी., मिळेल त्या वाहनानं मराठवाडा पालथा घातला. मशिदींच्या कोनाड्यांतून, दर्ग्यांच्या पेट्यांतून, हकिमांच्या माळ्यांवरून त्यांनी अकराशे चाळीस हस्तलिखितं गोळा केली. कायदा, हदीस, गणित, औषधं, घोड्यांचे रोग, सगळं त्यात होतं. कडुलिंबाचा पाला घालून ते जपलं, प्रत्येकाचं कार्ड लिहिलं. पण विद्यापीठात लोक विचारायचे की मराठी मुलखात हा विभाग हवा कशाला? अशात आंबेसावळी गावातून एक सनद हाती लागली. कुणा शिक्षकाला जमीन इनाम दिल्याची. नाव वाळवीनं खाल्लेलं, पण कारण शाबूत होतं, बराए तालीमे जबाने देहात. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी मुसलमान सुलतानाच्या अमलात कुणीतरी खेड्यांची भाषा, म्हणजे मराठी, शिकवत होतं आणि सरकार त्याला जमीन देत होतं. विचारणाऱ्यांची तोंडं बंद झाली. सनद छापली गेली आणि ओळ दगडावर कोरली गेली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख इनामदार सरांनी मला बोलावलं. शफीक इनामदार मनानं प्रेमळ, पण कायम चिंतेत. वर्गातली गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. मी जे पाहिलं ते सांगितलं. अस्सल सनद लोखंडी कपाटात होती. ती त्यांनी स्वतः काढली, भिंग दिलं आणि माझ्यासोबत वाकून पाहिली. तिसरा ठिपका फिका होता, पण होता.

"शाईचा डाग असेल," ते म्हणाले. "छापील आवृत्तीत तशी तळटीप आहे. 'दातावर डाग'."

"असेल सर. पण बाकीच्या दोन ठिपक्यांसारखाच चौकोनी आहे. बोरूच्या टोकाचा."

त्यांनी सनद पुन्हा कपाटात ठेवली. मग त्यांनी मला जे सांगितलं त्यातलं बरंचसं मला ठाऊक नव्हतं. बारा दिवसांनी विद्यापीठाची समिती येणार होती. विभागात विद्यार्थी नऊ, आणि वर्षानुवर्षं तेवढेच. विभाग इतिहासात विलीन करावा का, हे समिती ठरवणार होती. दाखवायला विभागाकडे दोन गोष्टी होत्या, हस्तलिखितं आणि ती ओळ. विभाग राहिला तर एका अधिव्याख्यात्याची जागा निघणार होती आणि इनामदार सरांच्या मनात माझं नाव होतं.

"मी तुला खोटं बोल म्हणत नाही, बेटा," ते म्हणाले. "बारा दिवस थांब, इतकंच. समिती जाऊ दे, मग तू त्यावर लेख लिही. मी स्वतः छापतो."

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. जागा मला हवी होती. आणि मीर साहेबांसारख्या माणसाची चूक काढणारी मी कोण, असंही वाटत होतं.

पण तो ठिपका मनातून जाईना. जनान असेल तर त्या गावात हिजरी १०६१ मध्ये, म्हणजे १६५१ साली, बायकांना शिकवायला कुणीतरी नेमलं होतं. कोण असेल ते? म्हातारा मुल्ला, पडद्याआडून शिकवणारा? काय शिकवत असेल? नुसतं कुराण, की हिशेब, पत्र लिहिणं? खेड्यांतल्या बायका म्हणजे कुठल्या, फक्त मुसलमान की सगळ्याच? मला जेवताना, कपडे धुताना हेच सुचायचं.

चौथ्या दिवशी राव सरांनी मला वाचनालयात गाठलं. कपाटांच्या मधल्या बोळात, इकडे तिकडे बघत त्यांनी थेट विचारलं, "तुझं वाचन बरोबर आहे हे तुला कशावरून वाटतं?"

मी ठिपक्याचा आकार सांगू लागले. त्यांनी हात वर केला.

"मराठी माणसाला तिथं मराठी दिसली. बाईला बाई दिसली नसेल कशावरून?"

मला ते लागलं. त्या चार दिवसांत मला खरंच त्या बायकाच दिसत होत्या. मी म्हटलं, मग हे ठरवायचं कसं?

"सनद एकटी कधी नसते. इनाम दिलं की गावच्या कारकुनाला वेगळा कागद जातो. तो आंबेसावळीत असेल तर असेल. उद्या सकाळच्या गाडीनं जायचं का?"

मी इनामदार सरांना दिलेल्या शब्दाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, तू बोलणार नाहीस असा शब्द दिलास, पाहणार नाहीस असा नाही.

आंबेसावळी एस.टी.नं तीन तासांवर. ज्या घरातून सनद आली होती त्या घराचं आडनाव अत्तारवाले. गावात शिरताच कुणीही बोट दाखवलं, पण पारावरच्या एका माणसानं हसत सांगितलं की या अत्तारवाल्यांनी सात पिढ्यांत अत्तराची कुपी विकलेली नाही.

घरात खैरुन्निसाबी होत्या. वय सत्तरीच्या पलीकडे, डोक्यावरून पदर, हाताला मेंदीचा वाळलेला रंग. मुलगा शेतावर, सून पाण्याला गेलेली. राव सरांना पाहून त्या ओळखीचं हसल्या. बासष्ट साली जाडजूड मीर साहेबांबरोबर आलेला सडपातळ पोरगा त्यांना आठवत होता. सासऱ्यांनी तेव्हा पेटीतला कागद त्यांना दिला होता. आणखी काही कागद आहे का, असं सरांनी विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही.

चहा झाला. सर ओट्यावर बसले होते, मी आत चुलीपाशी. मी परत विचारलं, माझ्या कोकणी वळणाच्या मराठीत, मावशीला विचारावं तसं. "खाला, एखादा फाटका तुकडा पण नाही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हाय. पर त्यो बायकांचा कागद हाय. बाप्या माणसानं बघायचा न्हाई."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या घरात बाई बाळंत व्हायची वेळ आली की पितळी नळीतला एक कागद तिच्या उशाशी ठेवत. सासूकडून सुनेकडे तो येई. त्यात काय लिहिलंय कुणाला ठाऊक नव्हतं, दुवा असेल अशी समजूत. बासष्ट साली मीर साहेब आले तेव्हा तो घरातच होता, पण विचारणारे पुरुष आणि देणारे पुरुष, त्यामुळे सासूनं तो काढलाच नाही.

"मी बघू?"

"तू बघ की. तू बाईच हायस."

नळीतून कागद बाहेर आला. हातभर लांब, कडा झिजलेल्या, मध्ये हळदीचे डाग. वर शिक्का आणि चार ओळी फारसी, पण तिथं नेमकं घडीवर फाटलेलं. मला फक्त 'देहात' आणि हिजरीचा आकडा लागला. तोच, १०६१. आणि त्याखाली सात ओळी मोडीत. मला मोडीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ते वाचणारा माणूस बाहेर ओट्यावर बसला होता आणि कागद बाहेर न्यायचा नव्हता.

मी खालांना विचारलं, कागद आतच राहील, पण मी त्याची नक्कल काढून बाहेर नेली तर? त्यांनी विचार केला. म्हणाल्या, नक्कल म्हंजे तुझं अक्षर झालं, त्याला कशाला कोण अडवंल.

माझ्या पिशवीत नकाशे गिरवायचा पातळ कागद होता. तो अंथरून मी पेन्सिलीनं एकेक वळण गिरवू लागले. काय लिहितेय हे मला कळत नव्हतं. पाऊण तास लागला. खाला शेजारी बसून माझ्या बोटांकडे पाहत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "न वाचता येनारं बी लिवता येतंय व्हय?"

सात ओळी झाल्या तशी मी बाहेर आले आणि कागद सरांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. पहिल्या दोन ओळी नेहमीचा मायना होता, तो त्यांनी झरझर वाचला. मग ते सावकाश झाले.

"'बीबी राबिया आतून...' आतून?" ते थांबले. "घराच्या आतून? इथं तुझं गिरवणं चुकलं का?"

मी आत जाऊन पुन्हा ताडून पाहिलं. अक्षर तेच होतं. मी मोठ्यानं 'आतून' म्हटलं तशा खाला दाराआडून बोलल्या, "आमीच की त्ये. माझी सासू म्हनायची, आपण अत्तारवाले न्हवं, आतूनवाले. शाळंच्या मास्तरनं अत्तारवाले लावलं, मंग तेच ऱ्हायलं."

राव सरांनी कागद खाली ठेवला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. एखादा हिशेब अखेर जुळावा, पण तो आपल्याच विरुद्ध जुळावा, तसा.

"फारसीत आतून म्हणजे मुलींना शिकवणारी बाई," ते म्हणाले. "जुना शब्द आहे. कोशात पाहिला होता, कागदावर कधी पाहिला नव्हता."

मग त्यांनी ती ओळ पहिल्यापासून वाचली. "'बीबी राबिया आतून परगणेमजकुरीच्या लेकीसुना पढविते, सबब जमीन नीम चावर दिधली असे.' म्हणजे या परगण्यातल्या लेकीसुनांना शिकवते म्हणून अर्धा चावर जमीन."

लेकीसुना. त्या शब्दाला वर-खाली ठिपका नव्हता आणि दुसरा अर्थही नव्हता. मीर साहेबांचा मराठी शिकवणारा शिक्षक त्या ओट्यावर संपला. मला आनंद झाला होता, इतका की लपवता येईना. सर मात्र तीच ओळ मनाशी पुन्हा पुन्हा वाचत होते.

परतताना मी त्यांना म्हणाले की इनामदार सरांना दिलेला शब्द मी पाळीन, समिती जाईपर्यंत बोलणार नाही. ते म्हणाले, तू बोलू नकोसच.

समिती आली. तिघे होते. अध्यक्ष रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, बुटके, फार प्रश्न विचारणारे. इनामदार सरांनी त्यांना कपाटं दाखवली, कार्डं दाखवली, घोड्यांच्या रोगांचं चित्रमय पुस्तक दाखवलं. मग सगळे दारातल्या पाटीपाशी आले. इनामदार सर ओळ वाचणार तोच राव सर पुढे झाले.

"या दगडावरचा शब्द चुकीचा आहे," ते म्हणाले. "तो मी वाचला होता. त्याचं खरं वाचन या मुलीनं केलंय."

इनामदार सरांनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षांना पाटीपेक्षा यातच रस वाटला. त्यांनी सनद मागवली, भिंग मागवलं. ठिपका कुठला, दात कुठला, ब कसा, न कसा, सगळं विचारून घेतलं. मोडीची माझी नक्कल उलटीसुलटी करून पाहिली. कागद कसा मिळाला हे ऐकून ते मोठ्यानं हसले आणि बासष्ट साली तुम्ही एखादी विद्यार्थिनी का नेली नव्हती, असं राव सरांना विचारलं. सर म्हणाले, तेव्हा विभागात एकही नव्हती. तासभर हेच चाललं. चहा गार झाला. जाताना अध्यक्षांनी माझं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, आपण जिंकलो.

दीड महिन्यानं अहवाल आला. त्यात हस्तलिखितांबद्दल दोन चांगली वाक्यं होती. शेवटी, विद्यार्थिसंख्या पाहता विभाग इतिहासात विलीन करावा, अशी शिफारस होती. ठिपक्याचा उल्लेख कुठेच नव्हता. सर बोलले नसते तर विभाग वाचला असता का? इनामदार सरांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की वाचला असता. मला ते आजही ठरवता येत नाही.

अधिव्याख्यात्याची जागा अर्थातच निघाली नाही.

सामान हलवायच्या दिवशी दुपारी मी आणि राव सर कार्डांचे खण बांधत होतो. एका खणात सनदेच्या त्या फोटोच्या प्रती होत्या, वीसपंचवीस, प्रत्येकीच्या मागं साल लिहिलेलं. १९६४, ६५, ६६. मी विचारलं, या इतक्या कशाला?

सर खुर्चीवर बसले.

"दर वर्षीच्या वर्गाला हाच फोटो द्यायचो. हीच ओळ वाचायला सांगायचो."

"का?"

"कुणीतरी तीन ठिपके मोजेल म्हणून."

मला समजायला क्षणभर लागला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मान डोलावली. मग सगळं सांगितलं. मीर साहेबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. वाचायचे राव सर आणि लिहून घ्यायचे ते. त्या ओळीशी आल्यावर सरांनी तीन ठिपके स्वच्छ पाहिले होते. साहेबांनी विचारलं, जबान ना? आणि सव्वीस वर्षांचे राव सर म्हणाले, जी, जबान. वर एक डाग आहे.

"अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळचं आमच्या घरी सगळ्यांना आठवत होतं. काकांचं घर जळालं होतं. मुसलमानांच्या किताबांत तू काय शोधतोस, असं आई रोज विचारायची. मला घरी न्यायला काहीतरी हवं होतं, रुकय्या. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, बघ, ते आपली भाषा शिकवत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा आई माझ्याशी नीट बोलली."

"आणि नंतर? मीर साहेबांना का नाही सांगितलं?"

"ते त्या ओळीवर इतके खूश होते. मग दगड बसला. मग ते गेले."

"आणि तुम्ही आम्हाला फोटो देत बसलात."

"हो."

"पंचवीस वर्षं."

"धीर झाला नाही," ते म्हणाले. "वाटायचं, कुणी विचारलं तर सांगू. पण चांगली फारसी येणारी पोरं ठिपके बघत नाहीत. ती ओळ ओळखतात. तू अडखळत वाचलीस."

त्यांना वाटलं असेल की मला भरून येईल. मला राग आला. मी त्यांना म्हणाले की तुमचं सत्य सांगायला तुम्ही पोरांची वाट पाहिलीत, आणि पोरगी आली तेव्हा तिला विचारलंत की बाईला बाई दिसली नसेल कशावरून. मी खणाला सुतळीची गाठ मारली आणि घरी आले. पुढचे सहा महिने मी त्यांना पत्रसुद्धा लिहिलं नाही.

खेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मला इतिहास शिकवायचं काम मिळालं. तिथं एक दिवस टपालानं सनदेच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं आली. सरांनी ती मुदतीआधीच निवृत्त होऊन, घरी बसून तयार केली होती. संपादक म्हणून आधी माझं नाव आणि खाली त्यांचं. प्रस्तावनेत एक परिच्छेद त्यांनी स्वतःच्या अक्षरात जोडला होता. 'तिसरा ठिपका पहिल्या आवृत्तीच्या वाचकास दिसला होता. त्याने तो डाग म्हणून नोंदविला. तो वाचक मी.' सोबत चिठ्ठी होती. यातलं एक अक्षर गाळू नकोस. मी गाळलं नाही. राग तेव्हा गेला, पुरता नाही, पण पत्र लिहिण्याइतका गेला.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी एकटीच आंबेसावळीला गेले. आता कागदात काय आहे ते खालांना वाचून दाखवायचं होतं. सून पण होती, शेजारच्या दोघीतिघी आल्या. मी सातही ओळी वाचल्या आणि सोप्या करून सांगितल्या. ही दुवा नाही. ही तुमच्या घरातली एक बाई आहे, बीबी राबिया. ती आसपासच्या गावांतल्या लेकीसुनांना शिकवायची आणि त्यासाठी सरकारनं तिला ही जमीन दिली. तुमचं शेत तिच्यामुळं आहे.

शेजारणी कौतुकानं बोलू लागल्या. खालांनी पितळी नळी मांडीवर घेतली होती. त्या ती गोल गोल फिरवत राहिल्या.

"ती शिकवायची म्हनतेस."

"हो, खाला."

"लेकीसुनांला."

"हो."

"मंग मी बी त्याच घरची सून की," त्या म्हणाल्या. "मला का न्हाई कुनी शिकवलं?"

मी पुस्तक उघडंच धरून बसले होते. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मी शिकलेली असल्यामुळं मला ठाऊक असेल असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, खाला. शोधून सांगते.

त्याच प्रश्नावर मी पीएच.डी. केली. बारा वर्षांनी विभाग पुन्हा वेगळा झाला तेव्हा मी त्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत तेच शोधत राहिले. आतून बायका कधीपर्यंत होत्या, कुठे कुठे होत्या, आणि मग कुठे गेल्या. पुरुषांच्या पेट्यांत त्या फारशा सापडत नाहीत. बाळंतिणीच्या उशाखाली, पाळण्याच्या दोरीला, आहेराच्या पितळी भांड्यांत त्यांचे कागद निघाले. आजवर अकरा नावं लागली आहेत. शेवटचा कागद १८१९ सालचा आहे. त्यानंतर जमिनी घरच्या पुरुषांच्या नावावर चढत शिकवणं कसं थांबलं, हे सांगण्याइतकं हाती आलं तेव्हा खैरुन्निसाबी राहिल्या नव्हत्या. मी त्यांच्या सुनेला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, थांबा, पोरींना बोलावते, पहिल्यापासून सांगा.